ठेवलेलं पाडस

माळावर पालथा पडलेला तो माणूस मेलेला आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

१९७३ चा जून. मिरजगावच्या फाट्यावर एसटीनं मला उतरवलं आणि धूळ उडवत निघून गेली. वाडीची शाळा तिथून आत दोन मैल. हातात ट्रंक, काखेत वळकटी, पिशवीत पहिल्या नोकरीची ऑर्डर, आणि समोर माळ. झाड नाही, घर नाही, माणूस नाही... आणि जो एक होता तो असा, गवतात तोंड खुपसून पडलेला.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, कुत्र्याला भिते, विहिरीत डोकवायला भिते, आणि पप्पांना तर सगळ्यांत जास्त. दुसऱ्या मुली भ्यायल्या की पळतात, मी थिजते. पाय जमिनीला चिकटतात, तोंडातून शब्द फुटत नाही. त्या दिवशी मात्र एक किंकाळी फुटली.

"ओरडू नका," प्रेत म्हणालं. "आणि पाय हलवू नका."

मी हलणार होते थोडीच!

"डाव्या चपलेपाशी बघा. हळूच."

बघितलं. मातकट, काळ्या ठिपक्यांचे चार खडे होते. मग ध्यानात आलं, ते खडे नव्हतेच. अंडी होती, माझ्या अंगठ्यापासून चार बोटांवर. डोक्यावर एक टिटवी जीव तोडून ओरडत होती. बहुधा मला शिव्याच देत होती.

"आता आल्या पावली दोन पावलं मागं... हां. शाब्बास."

प्रेत उठून बसलं. खाकी शर्ट, केसांत कुसळं, आणि हसल्यावर डाव्या गालावर पडणारी खळी. एवढ्या भीतीतही मी ती खळी पाहिली, याची मला नंतर फार लाज वाटली.

"तुम्ही... जिवंत आहात?"

"तुमच्या ओरडण्यानं जाता जाता वाचलो."

त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली. नाव दानीएल, गाव देवळाली प्रवरा, नोकरी वनखात्यात गार्डची. "आणि बाई, तुमचं नाव?"

"कृपा."

"कुणाची?"

मी इतकी गोंधळले, की पप्पांचं पूर्ण नाव, ते नगरला मिशनच्या शाळेत गणित शिकवतात हे, आणि घराचा पत्ता, सगळं एका दमात सांगून टाकलं. तो शाळेपर्यंत हसत होता.

साळूबाईंच्या घरात मला एक खोली मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर हातभर लांब घोरपड. मी थिजले ती साळूबाई येईपर्यंत. "अवो बाई, तिला काय भ्यायचं? ती आमच्या सासूबाईपास्नं हाय हितं," म्हणत त्यांनी केरसुणीनं तिला बाहेर काढलं. त्याच दुपारी मी पप्पांना पत्र लिहिलं. सोबत बदलीचा अर्ज. 'माझा जीव इथं राहायचा नाही. काहीही करा, पण मला नगरला आणा.' पत्र टपालात पडलं आणि मला जरा श्वास आला.

त्या पत्रानं पुढं माझी काय अवस्था केली, ते सांगायलाच मी बसले आहे.

शाळेत आम्ही दोघंच शिक्षक, खेतमाळीस गुरुजी आणि मी. वर्गात प्राण्यांचा एक रंगीत तक्ता होता. सिंह, हत्ती, झेब्रा, जिराफ. मुलांना जिराफाची मान किती फूट ते तोंडपाठ. जुलैमध्ये एका बुधवारी दानीएल शाळेत आला. जनावरांच्या शिकारीवर बंदीचा नवा कायदा झाला होता आणि तो शाळांमधून समजावून सांगा, असं त्याच्या साहेबांनी फर्मावलं होतं. त्यानं कायदाबियदा काही काढला नाही. तक्त्याकडं बघितलं, खिडकीबाहेर बोट केलं आणि विचारलं, "हितं बाहेर कोण कोण राहतं?"

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी चौथीतली लंका उभी राहिली. "बाहेर काय नसतंय. माळ हाय नुसता."

दानीएल हसला नाही. "बाई," तो मला म्हणाला, "दर बुधवारी एक तास मला द्याल का?"

तेव्हापासून दर बुधवारी चाळीस मुलं त्याच्यामागून माळावर जायला लागली. पालथी पडून बघायला शिकली. खोकडाची बिळं, धावीक पक्ष्याची पिल्लं, काळविटांचा कळप... वर्षानुवर्षं ज्याला ती 'नुसता माळ' म्हणत होती तिथं एवढी वस्ती निघाली. पुढच्या पंधरा दिवसांत तक्त्यातला जिराफ बिचारा अगदी एकटा पडला.

मी मात्र शाळेच्या हद्दीवरच्या निंबापाशी थांबायची. तिथून पुढं एक पाऊल नाही. लांडगा असतो तिकडं! जाताना मुलं मोजायची, येताना मोजायची, एवढंच माझं काम.

"एकेचाळीस व्हायचं कधी?" दानीएल विचारायचा.

"मी इथूनच बरी."

"लांडगा माणसाला भितो बाई."

"मला नाही भ्यायचा. मला कुणीच भीत नाही."

"मी भितो की," तो म्हणायचा आणि चालू लागायचा.

येताना तो माझ्यासाठी काहीतरी आणायचा. कधी मोराचं पीस, कधी साळिंदराचा काटा. एकदा सापाची कात आणली, तेव्हा मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. साळिंदराचा काटा मात्र मी अंबाड्यात खोचला. पुढच्या बुधवारी त्यानं तो पाहिला... आणि मुलांना खोकडाबद्दल सांगता सांगता मधेच गप्प झाला.

"सर, मग खोकड काय करतंय?" लंकानं विचारलं.

"अं? ...विसरलो."

मीही मुलं मोजायची विसरले होते. म्हणजे पाहा.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आले आणि पहिल्याच मंगळवारी टपाल आलं. बदलीची ऑर्डर. नगरची शाळा. सोबत पप्पांचं पत्र: 'काम झाले. शनिवारी न्यायला येतो. सामान बांधून ठेव.'

पाच महिन्यांपूर्वी याच कागदासाठी मी प्रार्थना करत होते. आता तो हातात धरून मला घाम फुटला. पप्पांना 'नको' म्हणायचं? त्यांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले असतील... आणि नको का, तर काय सांगायचं? एका गार्डाच्या गालाला खळी पडते म्हणून?

बुधवारी दानीएल कामासाठी कर्जतला गेला होता. तास मलाच घ्यावा लागला. माळ काही मला ठाऊक नव्हता. मी पुस्तक उघडलं आणि मुक्या जनावरांवर दया करावी, हा धडा अगदी डोळ्यांत पाणी आणून शिकवला. "एखादं पिल्लू एकटं दिसलं, तर त्याला तसंच टाकून यायचं नाही," मी म्हणाले. मुलांनी माना डोलावल्या. माझा धडा त्यांनी इतका मनावर घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

गुरुवारी सकाळी शाळा उघडते तो दारात लंका. शेळ्या सोडायला गेली होती ती पळत आली होती. परकरात काहीतरी गुंडाळलेलं.

"बाई, एकटंच हुतं! आई न्हाई, कोन न्हाई. रडत बी नव्हतं."

हरणाचं पाडस. काड्यांसारखे पाय, ओलं काळं नाक, आणि एवढे मोठे डोळे की मला भरूनच आलं. आम्ही पोतं अंथरलं. साळूबाईंनी शेळीचं दूध दिलं. मी कापसाच्या बोळ्यानं पाजायला बसले, पण ते तोंड उघडेना. हलेना, ओरडेना. मान जमिनीला लावून नुसतं पडून. मुलं म्हणाली, शहाणं हाय. मलाही वाटलं, बिचाऱ्याला आपल्याजवळ बरं वाटतंय.

दुपारी तीनच्या सुमाराला दानीएलची सायकल आली. मी दारातच म्हणाले, "बघा, आम्ही काय वाचवलं!"

त्यानं पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. मला त्याची पहिल्यांदाच भीती वाटली.

"कुणी सांगितलं आणायला?"

"मी," मी म्हणाले.

तो खाली बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "बाई, हे हरवलं नव्हतं," तो हळू म्हणाला. "ह्याला ठेवलं होतं. पिल्लू तान्हं असलं की हरणी त्याला गवतात ठेवते आन् लांब चरते. म्हणजे तिच्या मागावर आलेल्याला पिल्लू सापडू नये. दिवसातनं दोन-तीनदा येऊन पाजते. आन् भ्यालं की हे पळत न्हाई... थिजतं. सकाळपास्नं हे भिऊन मरायला टेकलंय, आन् तुम्ही म्हणताय वाचवलं."

थिजतं. जे मला आयुष्यभर होत आलं, तेच मला ओळखता आलं नव्हतं.

"माणसाचा वास लागला की आई टाकते म्हणतात..."

"म्हणतात. मला ठाव न्हाई. मला एवढं ठाव हाय, की आई जिथं ठेवलं तिथंच यील. हितं येणार न्हाई." त्यानं सूर्याकडं पाहिलं. "दिवस मावळायच्या आत तिथं पोचलं पाहिजे. लांडग्याची येळ हाय. लंका, जागा दाखवशील?"

"मेंढरंवाल्यांच्या जुन्या चुलीपाशी. तीन काळे दगड हायेत."

"चला. बाई, तुम्हीच उचला. लंकाचे आन् तुमचे हात लागलेत, आता तिसरे नकोत."

"मी?"

त्यानं काही आग्रह केला नाही. सायकल निंबाला टेकवून ठेवायला पुढं निघाला.

मी पाडस पोटाशी धरलं आणि निंबापाशी आले. पाय अडले. पुढं माळ, कमरेएवढं पिवळं गवत, आणि त्यात कुठं काय बसलं असेल ते एका देवाला माहीत. हाताखाली पाडसाचं काळीज धडधडत होतं, आणि माझं त्याहून जोरात. कुणाचं कुठलं, कळेना. मी डोळे मिटून पाऊल टाकलं.

"एकेचाळीस," दानीएल पुढं बघत म्हणाला.

अर्धा मैल चाललो. कुसळं पातळातून मांडीला टोचत होती. सळसळ झाली की मी थांबायची, थांबले की लंका मागून ढकलायची. चुलीचे दगड सापडले. तिथं गवत दबून पाडसाएवढी जागा झाली होती. मी त्याला तिथं टेकवलं. त्यानं मान जमिनीला लावली आणि बघता बघता ते गवतातच मिसळलं. मी लंकाला धाडून दिलं. तिला न्यायला वाटेवर गुरुजी उभे होते. मग आम्ही दोघं शंभर पावलांवर, वारा आपल्याकडं येईल अशा बाजूला, पालथे पडलो.

सूर्य खाली आला. हरणी नाही. कळप लांब, क्षितिजापाशी. दानीएलचा कोपर माझ्या कोपराला लागला आणि दोघांनीही तो काढला नाही.

"नाही आली तर?" मी पुटपुटले.

"बोलू नका."

"माझ्यामुळं मरेल ते..."

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. आणि तेवढ्यात तो हात दगडासारखा झाला.

डावीकडून तो येत होता. कुत्र्याएवढाच, पण कुत्रा नव्हे. लांब पाय, मातकट अंग, मान खाली. लांडगा. घाई नव्हती त्याला. दर चार पावलांवर थांबून वास घ्यायचा... आणि पुन्हा चुलीच्या दगडांकडं.

"उठलो तर हरणी बिथरंल," दानीएलचा आवाज जेमतेम ऐकू आला. "न्हाई उठलो तर..."

पाडस हललं नाही. हलणार नव्हतंच. मला माहीत होतं त्याला आत काय होतंय. पाय चिकटलेत, आवाज निघत नाही, आणि कुणीतरी यावं... कुणीतरी यावं एवढंच वाटतंय.

मी कधी उठले, मला सांगता येणार नाही. लांडगा वीस पावलांवर आणि मी उभी. त्यानं मान वर केली. पिवळे डोळे. मला दगड सुचला नाही, काठी सुचली नाही. माझ्याजवळ मोठा असा एकच आवाज होता, तोच बाहेर पडला —

"ए! खाली बस! हाताची घडी, तोंडावर बोट!"

लांडगा बघतच राहिला. इतका अपमान त्याचा कुणी केला नसावा. मग तो वळला आणि जिकडून आला तिकडं, एकदा मागं बघून, निघून गेला.

मी खाली बसले ती दानीएलच्या शेजारीच. तो गवतात तोंड खुपसून गदगदा हलत होता. मला वाटलं रडतोय. हसत होता मेला!

पण कळप दिसेनासा झाला होता. हसू थांबलं. दहा मिनिटं गेली... वीस गेली. उजेड तांबूस होऊन विटायला लागला. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते आणि दर शब्दाला वाटत होतं, की मीच मारलं, मीच मारलं.

मग एक सावली सुटी झाली. एकटी हरणी. दोन पावलं यायची, थांबायची, कान फिरवायची. आमच्याकडं बघून तिनं इतका वेळ पाय आपटला, की मी श्वास घ्यायचाच विसरले. ती चुलीपाशी आली. मान खाली घातली. आणि गवतातून ते काड्यांचे पाय उभे राहिले, धडपडले, पुन्हा उभे राहिले, आणि पाडस आईला ढुशा देत प्यायला लागलं.

मी रडत होते. लपवायचं मला सुचलंही नाही.

परत येताना दानीएल निंबापाशी थांबला. "शनिवारी चाललात म्हणं. गुरुजी बोलले."

"हं."

"स्वतःच अर्ज केला होता?"

"...हं."

"मग ठीक हाय." तो सायकलच्या घंटीशी खेळत राहिला. "कृपा, मी बोलणार न्हवतो. पण आज लांडग्यासमोर उभं राहताना बघितलं तुम्हाला. मला तुम्ही पाहिजे. जन्मभर. तुमची इच्छा असंल तर पप्पांशी मी बोलतो. नसंल तर... तसं सांगा."

सांगायचं तर किती होतं! पण पाय चिकटले. जीभ चिकटली. लांडग्यावर ओरडणारी मी, 'हो' एवढं एक अक्षर म्हणू शकले नाही.

"उशीर होतोय," मी म्हणाले. तो सायकलवर बसून गेला.

शुक्रवारी तो आला नाही. मी ट्रंक उघडली, मिटली, पुन्हा उघडली. साळिंदराचा काटा ट्रंकेत ठेववेना आणि अंबाड्यात खोचवेना. गुरुजी म्हणाले, "बाई, विनंतीची बदली आहे. नको असेल तर तुम्ही तसं लिहून देऊ शकता. पण उद्यापर्यंत." मी कागद घेतला. तो कोराच राहिला. पप्पांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा. मुलांनी हट्ट धरला, बाई, जायच्या आधी पाडस दाखवा. दानीएलही आला होता. माझ्याकडं न बघता पुढं झाला. हरणीनं पाडसाची जागा बदलली होती. आता ते फाट्याच्या पायवाटेजवळ, तरवडाच्या झुडपाशी ठेवलेलं. आम्ही बेचाळीस जण पालथे पडून लांबून पाहत होतो. आणि पायवाटेनं छत्री घेतलेले पप्पा आले.

त्यांना गवतात पडलेली माणसं दिसली. चाळीस-बेचाळीस. ते किंचाळले. आणि थिजले, नेमके तरवडापाशी.

"बाबा, हलू नगा!" लंका दबक्या आवाजात म्हणाली. "पायापाशी पाडस हाय!"

पप्पांनी डोळे तेवढे खाली वळवले. त्यांच्या बुटापासून हातभर अंतरावर ते ओलं काळं नाक होतं. पप्पांचा रंग पांढरा झाला, पण पाय हलले नाहीत. त्यांच्याकडं बघता बघता मला एकदम कळलं, की हा भित्रेपणा मी कुठून आणला. आणि ज्यांना मी जन्मभर भ्यायले, ते तिथं माझ्यासारखेच उभे होते.

मी उठले. हळूहळू, वाकून, वीस पावलं चालून त्यांच्याजवळ गेले. आज नाही तर कधीच नाही.

"पप्पा, हलू नका. नुसतं ऐका. बदली मीच मागितली होती. तुम्ही इतकं केलंत... पण आता मला नको आहे. मला वाटत होतं मी इथं हरवले. मी हरवले नव्हते पप्पा. मला इथं ठेवलं होतं. आणि ते खाकी शर्टातले दानीएल आहेत. परवा त्यांनी मला एक विचारलं. मी भीतीनं गप्प राहिले. माझं उत्तर 'हो' आहे."

मागं गवतात दानीएल उठून बसला होता. केसांत कुसळं, डोळ्यांत पाणी, आणि ती खळी.

पप्पांनी पाडसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "कुणाचा?"

"बन्सी साळव्यांचा. देवळाली प्रवरा," मागून उत्तर आलं.

"उद्या रविवार आहे," पप्पा पुटपुटले. "उपासनेला नगरला ये म्हणावं त्याला. घरी जेवायला ये म्हणावं. आणि कृपा... आता मला इथून हात धरून ने बाई."

मी हात पुढं केला. पप्पांनी तो धरला, आणि मी त्यांना आल्या पावली, एक एक पाऊल, मागं आणलं.